विश्रांती घेऊ द्यावी

प्रिय सूनबाई,

पत्राचा आरंभ आशीर्वादाने करावा, असे मी आयुष्यभर इतरांना शिकवले. आज तो शेवटासाठी राखून ठेवतो, कारण मला राग आला आहे आणि तो सौम्य करून लिहिण्याचा माझा विचार नाही. परवा चिरंजीवांनी तुझा निरोप सांगितला: नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा देणार नाही, पुस्तके कुणालाही देऊन टाका. कुणालाही! दोन वर्षे रुग्णालयात साहाय्यक म्हणून पाळी करून, पायांना सूज घेऊन तू घरी येत होतीस आणि चहा निवेपर्यंत पुस्तकात डोके घालून बसत होतीस. ते सारे टाकून आता माहेरच्या खोलीत दार लावून बसलीस. याला वैराग्य म्हणू नकोस. वैराग्याविषयी मी पुष्कळ वाचले आहे. हा पळ आहे.

पुस्तके मी कुणाला दिलेली नाहीत. तुझा तो जाडजूड प्रश्नसंच माझ्या पोथीशेजारी चौरंगावर आहे. तू भांडी विसळायचीस, मी खुर्ची ओढून प्रश्न वाचायचो आणि तू मला परीक्षकसाहेब म्हणायचीस. "बाबा, उलटी आणि जुलाबांबद्दल इतक्या शुद्ध उच्चारात मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," असे म्हणून हसायचीस. मला त्या पुस्तकाची खरोखर गोडी लागली होती. त्याची रचना व्याकरणासारखी आहे. आधी सामान्य नियम, मग त्याला छेद देणारा अपवाद; आणि जिथे अपवाद लागू होतो तिथे नियम कितीही देखणा असला तरी त्याने मागे सरायचे.

त्यातला एक प्रश्न तुलाही आठवत असेल. सकाळपासून अस्वस्थ असलेला मधुमेहाचा रुग्ण दुपारी अचानक शांत झाला आहे. परिचारिकेने प्रथम काय करावे? मी मोठ्या ऐटीत ‘अ’ निवडला: विश्रांती घेऊ द्यावी. तू साबणाचा हात हवेत उडवून म्हणालीस, "नापास! बाबा, ओरडणारा पेशंट निदान जिवंत असल्याचं सांगत असतो. एकाएकी गप्प झालेल्याकडे आधी धावायचं. हलवायचं, हाक मारायची, साखर बघायची." तुझ्या सासूबाई आतून ओरडल्या होत्या, "सूनबाई, मला यांच्या वॉर्डात टाकू नकोस गं!" आपण तिघेही पोट धरून हसलो होतो.

त्यानंतर एक महिनाही गेला नाही. त्या दुपारी तू पाळीवरून आलीस तेव्हा सासूबाई पलंगावर होत्या. इन्शुलिन टोचून झाले होते, पण दोन घासांवर त्यांनी ताट सारले होते. नंतर तासभर त्या तळमळत होत्या, चष्मा कुठे ठेवला म्हणून माझ्यावर खेकसत होत्या आणि मग निपचित झाल्या होत्या. तू साखर मोजायचे यंत्र हातात घेऊन खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलीस. क्षणभर उभी राहिलीस आणि परत फिरलीस. पाऊण तासाने मी तुला हाक मारली तेव्हा त्यांचे कपाळ गार आणि ओले होते. तू धावलीस, तोंडाला साखर लावलीस, गाडी बोलावलीस. व्हायचे ते होऊन गेले होते. रुग्णालयात तिसऱ्या दिवशी ती शांत झाली, असे मी सर्व आप्तांना कळवले. आपल्या भाषेत झोपलेल्यालाही शांत म्हणतात आणि गेलेल्यालाही. शब्दांचा अर्थ फोडण्यात जन्म घालवला, पण हे मला तोवर दिसले नव्हते.

समाचाराला आलेली माझी बहीण भरल्या घरात म्हणाली, "नर्स घरात असून काय उपयोग? दारातून परत गेली म्हणे!" तू मान खाली घातलीस. सूनबाई, माझा खरा राग त्या मान खाली घालण्यावर आहे. का नाही बोललीस? तुला कुणी परत फिरवले ते का नाही सांगितलेस? तू माझ्याकडे एकदा, एकदाच पाहिलेस आणि पाण्याचे पेले गोळा करू लागलीस. आणि मी, ज्याने सत्यावर किती निरूपणे केली त्याची गणती नाही, तो मी पंच्याचा काठ चाचपत बसून राहिलो.

आता ऐक. काल बहिणीला आणि चिरंजीवांना समोर बसवून सारे सांगितले. त्या दुपारी माझ्या पुढ्यात पोथी उघडी होती. तुझ्या सासूबाई शांत झाल्या त्या माझ्या वाचनाने, अशी माझी प्रौढी होती. तू हलक्या आवाजात विचारलेस, "बाबा, आई जेवल्या का? एकदाच बोट टोचते." दोन घासांवरच त्यांनी ताट सारले हे मला ठाऊक होते. तो प्रश्न ठाऊक होता, त्याचे उत्तरही ठाऊक होते. तरीही मी ओठांवर बोट ठेवले, डोळे वटारले आणि तीन अध्याय पुरे केले. पोथी उघडी असताना कुणी बोलायचे नाही, ही शिस्त आठ वर्षे मीच तुला लावली आणि तू ती पाळलीस. मी पुन्हा ‘अ’ निवडला होता, ग. बहीण उठून गेली. चिरंजीव तुझ्याकडे निघाले आहेत. त्यांच्याचजवळ हे पत्र, तो प्रश्नसंच आणि कालच आलेले तुझे प्रवेशपत्र देत आहे. परीक्षा गुरुवारी आहे. तू जायचे आहेस. आणि पुढे कधी उंबऱ्यात उभी असताना आतला एखादा पांढऱ्या केसांचा विद्वान ओठांवर बोट ठेवील, तेव्हा त्याचा मान ठेवू नकोस. त्याला बाजूला ढकल आणि रुग्णाला हलव. राखून ठेवलेला आशीर्वाद तो हाच.

तुझाच,
नापास परीक्षक