चोरओटीचा खण

आक्के,

फोनवर हे सांगता येत नाय, आणि लिहिलेलंही मी पाठवणार नाय.

कुणाला न कळवता तिसऱ्या महिन्यात तू वैजापूरहून येऊन माझी चोरओटी भरलीस. आठ दिवसांत पोट पडलं. ज्याची खबरच कुणाला नव्हती, त्याच्यासाठी रडायचं कुणाजवळ? पुढं शिवराज झाला, म्हणून सगळे समजले की मी विसरले.

दिवाळीनंतर माझ्या जावेची, मोनिकाची चोरओटी होती. सासूबाई म्हणाल्या, "तूच भर, लेकुरवाळी हायेस." मी कपाटातून खण काढला. तिच्या पदरात टाकल्यावर दिसलं, तो तूच माझ्या चोरओटीत घातलेला हिरवा खण होता. घाईत झालं का मी मुद्दाम केलं, मलाच कळंना. परत मागावा तर काय सांगून? तेव्हापासून ती नुसती शिंकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडं धावते.

आज ती माहेराहून, हर्सूलहून, त्याच खणाचं ब्लाऊज शिवून, घालून आली. पाचवा लागलाय तिला. मला लई बरं वाटलं, आणि तिचा रागही आला. राग कशाचा, ते नाय सांगता येत.

आक्के, माझ्या ओटीतलं काहीतरी पाचव्या महिन्यापर्यंत पोचलं.

तुझी,
शितू