व्हिडिओतले हात

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन बंद येतोय. दुकानाच्या नंबरवर मेसेज केला तर उत्तर येतं, "धन्यवाद, आमच्या मातीच्या वस्तूंवर असंच प्रेम असू द्या." सख्ख्या बहिणीला हे उत्तर. म्हणून कागद-पेन काढलं.

दुकानाचे व्हिडिओ मात्र न चुकता येताहेत. चाकावर कप आकार घेतो, मागून तुझा आवाज. पण धाकटे, तू डावखुरी. परवाच्या व्हिडिओत उजवा हात पुढे होता, आणि त्यात बांगड्या. तू तर मातीत हात घालण्याआधी बांगड्या उतरवून ठेवतेस. आवाजात नाक चोंदलेलं होतं, ती सर्दी तर केव्हाच बरी झाली होती.

तुझ्या जागेवर कोण बसतंय? तुला काही होतंय का? तुझ्याच अक्षरात उत्तर हवं. लोभ आहेच, सध्या त्यात संशयाची भर आहे.

तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईंस,
आपल्या मास्तर मेहुण्याचा सा. नमस्कार.

पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम. आपली बहीण जरा कामात आहे, म्हणून मी लिहितोय. कॅमेऱ्यात कधीकधी डावं-उजवं उलट दिसतं. बांगड्यांची मला कल्पना नाही. शाळेत परीक्षा जवळ आल्यात. आपण एवढ्या लांब येण्याची तसदी घेऊ नये. कृपा आहेच, ती तशीच राहो.

आपला,
मास्तर

ता. १४ फेब्रुवारी

मास्तर,
आशीर्वाद नंतर देईन.

मी येते असं म्हटलंच नव्हतं, मग तुम्ही नको का म्हणालात? आणि हात उलटे दिसले, तर मागच्या भिंतीवरची दुकानाची पाटी का नाही उलटी दिसली? ती मी सरळ वाचली. पोरांच्या थापा पकडण्यात जन्म गेला तुमचा, आणि स्वतः इतकी कच्ची मारलीत. महिनाअखेरीस मी दारात उभी असेन. धाकटी समोर दिसली पाहिजे.

ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस ना? मास्तरांवर रागावू नकोस, त्यांना मीच गप्प बसवलं होतं. तुझं पत्र आल्यापासून फाटक वाजलं की ते आत पळतात.

धंदा वाढावा म्हणून मी रोज एक व्हिडिओ करायचे. मग दोन. भट्टी पेटवताना लोकांना उत्तरं, जेवताना उत्तरं. अंग मोडून यायचं, तरी हसून बोलायचं. थांबले तर लोक विसरतील, ही धास्ती. गेल्या महिन्यात आपली चिमणी कार्यशाळेत स्टुलावरून पडली. गुडघा फुटला. मी धावले, तर लेकीने ओठ घट्ट मिटून घेतलेले. हळूच मला विचारलं, "आई, रेकॉर्डिंग बंद आहे ना? मग रडू?"

मी तिला उचललं आणि तिच्याआधी मीच रडले. त्याच दिवशी दुकानाचा फोन जाऊबाईंच्या हातात दिला, माझा बंद करून ठेवला. ते हात त्यांचेच, चाकावर बसायची त्यांना जुनी हौस. आवाज माझ्या जुन्या व्हिडिओंतला. हे असं लपवणं बरं नाही, कळतं मला. येत्या सोमवारी गिऱ्हाइकांना सगळं सरळ सांगणार आहोत. यापुढे आठवड्याला एकच व्हिडिओ, जाऊबाई स्वतःच्या आवाजात करतील. दुकान बंद झालं की फोनही बंद. मी माती मळते आणि दुपारी झोपते. माल थोडा कमी जातो, तेवढं चालेल.

तुला का नाही सांगितलं? एखाद्या दिवशी व्हिडिओ नसला की पहिला मेसेज तुझा असायचा, "आज काहीच नाही टाकलंस?" मी कशी आहे, हे मात्र तू बरेच दिवस विचारलं नव्हतंस.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. २३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि मास्तरांचे राहिलेलेही.

व्हिडिओत तू हसताना दिसलीस की तू बरी आहेस असं मी धरून चालायचे. चहा पिता पिता तुला बघितलं, की भेट झाल्यासारखं वाटायचं. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, माझ्यापर्यंत काही तो पोचला नाही.

महिनाअखेरीस येतेच आहे. चौकशीला नाही, गल्ल्यावर बसायला. गिऱ्हाइकांशी मी बोलेन, कप बांधून देईन, फोडले तर भरून देईन. मास्तरांना फाटकाशी यायला सांग, सामान जड आहे.

आणि धाकटे, तू कशी आहेस? पत्रात लिहू नकोस. मी आले की सांग, लागेल तेवढा वेळ घेऊन.

तुझीच,
ताई