दुसरा आवाज

चिंचपोकळी,
रविवार, २६ ऑक्टोबर

चि. सुचित्रा हिस मामाचे आशीर्वाद.

फराळाचा डबा पोचल्याचं ताईकडून कळलं. चकल्यांचा चुरा झाला असेल तर मामीला बोल लावू नकोस, विमानवाल्यांना लाव. इकडे सगळे बरे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण हिंदमाताला साड्यांचा सेल लागला की तेवढ्यापुरता थांबतो. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. गॅरेजात गोंगाट असतो आणि घरी रेंज नसते. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ.

आता एक हिशेब ऐक. नारळ पन्नासचा. झेंडूचा हार दीडशेचा, कारण पाडव्याच्या सकाळी दादरचे फुलवाले सांगतील तो भाव. लिंबं वीसची. पेढे धनेशने आणले. एवढ्यात आजवर आपल्याकडे गाडीची पूजा होत आली. या पाडव्याच्या पूजेत वर एक पुढचा बंपर, एक डावा हेडलाइट आणि माझं हत्यारांचं लोखंडी कपाट धरायचं. बंपर तुमच्याच कारखान्यातून यायचा आहे. त्याची किंमत धनेशने सांगितली तेव्हा मामी पाटावर बसली ती उठेचना. गाडीचा विमा आहे. कपाटाचा नव्हता.

गाडी कुठली ते ओळखलं असशीलच. तुमच्या कंपनीची पहिली विजेवरची. गिरगावच्या धनेशला तू लहानपणी पाहिलंयस. त्याच्या वडिलांची लाल टू-सीटर आपल्याकडे यायची आणि तू तिच्या बॉनेटवर बसून गृहपाठ करायचीस. त्या घरातली प्रत्येक गाडी पहिल्यांदा माझ्या हातून लिंबांवरून गेली. म्हणून पोराने शोरूममधून गाडी काढली ती थेट चिंचपोकळीला आणली. सगळी गल्ली बघायला जमली. आली कधी ते मात्र कोणाला कळलं नाही. साठ-सत्तर वर्षं ज्या कंपनीने गुरगुर विकली तिची गाडी मांजरीसारखी येऊन दारात उभी राहिली.

आपल्या गॅरेजातल्या हेरंबने चाकांखाली लिंबं ठेवली. मी बसलो. धनेशने समजावलं होतं, काका, ब्रेक दाबा, बटण दाबा, लिव्हर खाली घ्या. टोन वाजला की गाडी तयार, त्याआधी ती हलत नाही. तो टोन म्हणजे तू बनवलेलाच. मी सगळं तसंच केलं आणि वाट बघत बसलो. काही वाजलं नाही. मला वाटलं, झोपलीय अजून. थंडीत जुन्या गाडीला उठवायला आपण काय करतो? दोन-तीनदा रेस देतो. लिंबांवरून नेण्याआधी तर द्यायचीच, गाडीला बोलती केल्याशिवाय पुढे न्यायची नाही ही आपली पद्धत. मी ब्रेक सोडला आणि रेस दिली. पुढचं कपाटाला विचार.

कोणाला लागलं नाही. हेरंबचा हात नुकताच चाकाखालून निघाला होता.

धनेश बिचारा मलाच धीर देत होता. मी म्हटलं, टोन वाजलाच नाही. हेरंबला विचारलं, तोही म्हणाला नाही वाजला. धनेशने तिथल्या तिथे कंपनीला मेल टाकला. तुला त्रास होऊ नये म्हणून मी त्याला सांगितलं की आवाजात खोट नाही, तो आमच्या सुचित्राचा आहे आणि तिने पाठवलेल्या तीन आवाजांतून मीच निवडलाय; वायर सुटली असणार. माझं नाव त्याने मेलमध्ये मोठं करून घातलं म्हणे. घालू दे. शिवडीच्या गोदीत परदेशी गाडी उतरली की क्लिअरिंगवाले मला बोलवायचे, आणि मी गोदामाच्या बंद दाराबाहेरून सांगायचो इंजिनातला कुठला टॅपेट सैल आहे ते. मुंबईत असे कान आणखी कोणाचे असतील तर त्याला माझ्यासमोर आणा, चहा मी पाजीन.

थंडीला जप. मामी लोणचं पाठवतेय.

तुझा मामा,
जयवंत


चिंचपोकळी,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर गुरुवारी आलं. मी ते वाचलं, मामीने वाचलं, मग मी पुन्हा वाचलं. लिहायला बसलो की भलतंच सुचत होतं, तर ते आधी लिहून टाकतो म्हणजे हात मोकळा होईल. गल्लीच्या तोंडाशी चार्जिंगचा खांब उभा राहिलाय. कोणीतरी त्याला हळदकुंकू लावून गेलं. पलीकडच्या सायलेन्सरवाल्या राजेशने अर्ध्या दुकानात मोमो विकायला घेतलेत. म्हणतो, जयवंतभाऊ, पुढच्या गाड्यांना मागे नळकांडंच नाही, मी वेल्डिंग कुठे करू? मी त्याला म्हटलं, मोमोला कर. हसला, पण फार वेळ नाही.

आता तुझ्या पत्राकडे येतो.

तू लिहितेस की गाडीच्या आतल्या नोंदीत टोन वाजल्याचं दिसतंय, म्हणून तुमच्याकडे दोन तट पडलेत. एक म्हणतो मुंबईचं गिऱ्हाईक खोटं बोलतंय. दुसरा म्हणतो आवाजच सदोष आहे. आणि परवा मंगळवारच्या मीटिंगमध्ये तू उभी राहून सांगणार आहेस की दोन्ही चूक, नोंद फसवी आहे, स्पीकर तपासा. का, तर ‘माझ्या मामाला ऐकू आलं नाही म्हणजे तो वाजला नाही.’ हे वाक्य तू लिहिलंयस. खाली असंही लिहिलंयस की त्या टोनसाठी तू आधीच सगळ्यांशी भांडली आहेस आणि यावेळी चुकलीस तर त्या खात्यात तुझं बसणं कठीण आहे.

ते वाक्य मंगळवारी बोलू नकोस.

पाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी जेवताना मी पुन्हा त्या वायरिंगला शिव्या देत होतो. मामी भात वाढत होती. म्हणाली, “अहो, तिने आवाज दिला होता. मी दारात आरतीचं ताट घेऊन उभी होते, मला ऐकू आला.” मी म्हटलं, तुला काय कळतं गाड्यांतलं. ती म्हणाली, “गाड्यांतलं नाही कळत. तुम्ही दाराची बेल ऐकत नाही, कुकर ऐकत नाही, ते कळतं.” आणि आमटी वाढली.

मी रागावलो. दोन दिवस बोललो नाही. बोललो नाही की घरात शांतता होते असं पूर्वी वाटायचं. आता तर तिची कामं नीट चालली होती आणि शांतता फक्त माझ्याच बाजूला होती.

मग हेरंबला एकट्याला गाठलं. आपल्या गॅरेजचा नियम तुला ठाऊक आहे, गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीचं बोलणं खोडायचं नाही. मीच केलेला. गिऱ्हाईक दोन तोंडं ऐकतं तेव्हा पुढल्या वेळी तिसऱ्या गॅरेजात जातं. नियम चांगला आहे, त्यावर आपण वर आलो. हेरंब माझ्याकडे आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता त्याची मुलगी कॉलेजात आहे. विचारलं तर हातातला पाना पुसत राहिला. मी म्हटलं, आज गिऱ्हाईक नाही, बोल. पाना पुसणं चालूच. शेवटी मी म्हटलं, दाखव तरी.

धनेशची गाडी अजून बंपरची वाट बघत आपल्याकडेच उभी आहे. मी आत बसलो. हेरंब खिडकीशी उभा राहिला, काच खाली. ठरलं असं की मी ब्रेक दाबून बटण, लिव्हर सगळं करायचं, आणि टोन ऐकू आला की त्याने हात वर करायचा. मी केलं. मी कान लावून बसलो, गोदीत लावायचो तसा, डोळे मिटून. काही नाही. डोळे उघडले तर त्याचा हात वर होता. बंद करून पुन्हा केलं. पुन्हा हात वर. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडे बघत होता. पाडव्याला त्याने चाकाखालून हात काढायला जरासा उशीर केला असता तर, हे मी तेव्हापासून रोज एकदा तरी मनात आणतो. आणि त्या माणसाने त्याच दिवशी माझ्यासाठी धनेशला खोटं सांगितलं.

परळला जाऊन कान तपासून आलो. डॉक्टर मुलगी तुझ्याच वयाची. म्हणाली, काका, जाडे आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत, आणि एका वर्षात नाही गेलेले. इंजिन ऐकू येतं, टॅपेट येतो, हातोडा येतो. पक्षी, बेल, बायकांचं फोनवरचं बोलणं नाही येत. मी मनात म्हटलं, म्हणून मला पत्ता लागला नाही. इतकी वर्षं समोर एखादं इंजिन घरघरत असायचं आणि मी राजा. पेट्रोलच्या गाड्यांनी मला झाकून घेतलं होतं. तुमच्या कंपनीने गुरगुर काढून घेतली आणि खाली मी उघडा बसलेला.

घरी रेंज आहे, बाय. पूर्ण कांड्या असतात. तू फोनवर बोलतेस ते मला लागत नाही. तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. मी ‘हो, हो’ म्हणतो आणि पुढे काय बोलावं ते मामीच्या चेहऱ्यावरून ठरवतो. गेल्या वर्षी तू काहीतरी रडत सांगत होतीस आणि मी ‘वा, छान’ म्हणालो, तेव्हा मामीने हातातून फोन काढून घेतला होता.

आता सगळ्यांत अवघड ते. तू ते तीन आवाज पाठवलेस आणि विचारलंस, मामा, तुझा कान काय म्हणतो. पहिला लागला, घुमल्यासारखा. तिसरा लागला, दार बंद झाल्यासारखा. दुसऱ्यात मला काही ऐकूच आलं नाही. मला वाटलं फाइल नीट आली नसेल. पण पुन्हा पाठव म्हणायची लाज वाटली. तू एवढ्या मोठ्या कंपनीत मामाचं मत विचारतेस, आणि मामा म्हणणार मला येत नाही? मग मी धंद्यातली युक्ती केली. गिऱ्हाइकाने तीन रंग दाखवले आणि आपल्याला कळत नसेल तर मधला सांगावा. मधल्याला कोणी नावं ठेवत नाही. मी लिहिलं, ‘दुसरा. डोळे मिटून दुसरा.’ तू त्याच्यासाठी तुमच्या माणसांशी भांडलीस. ते म्हणत होते तो फार बारीक आहे, वयस्क माणसाला लागणार नाही. बाय, ते बरोबर बोलत होते.

तर मंगळवारी असं सांग. नोंद खरी आहे, टोन वाजला. गाडीत बसलेल्याला ऐकू आला नाही, कारण तो चौसष्ट वर्षांचा आहे आणि त्याने उभं आयुष्य सायलेन्सरजवळ काढलंय. मग त्यांना विचार, ही गाडी घेणार कोण? पंचविशीतली पोरं घेणार आहेत का? धनेशच्या वडिलांसारखे घेणार, ज्यांनी तरुणपणी तुमच्याच गाड्यांच्या गुरगुरीत कान घालवले. आवाज जरा जाडा करा, नाहीतर सीटला धक्का द्या, काय ते तुम्ही बघा. माझं नाव घाल. हा कागद दाखव. भाषांतर करताना मऊ करू नकोस.

इथे लपवायला काही उरलं नाही, कारण धनेशलाही काल सांगितलं. तो त्याच्या त्या जुन्या गाड्यांच्या मंडळींत बसतो. आज ना उद्या सगळ्यांना कळेल, आणि जानेवारीत जुन्या गाड्यांच्या रॅलीआधी आपल्याकडे लागणारी रांग लागेल की नाही, मला ठाऊक नाही. कान तपासून आल्यापासून मामीला मात्र झोप लागते. धनेशने नीट ऐकून घेतलं. तक्रार मागे घेतो म्हणाला. रागावला नाही, ते मला जास्त लागलं. जाताना दारात थांबून म्हणाला, “काका, पण मग बाबांची लाल गाडी कोण बघणार?” मी पावतीपुस्तक उघडून चाळत बसलो. पाठीमागे हेरंब उभा होता, तो बोलला नाही. नियम.

ताईला हे तू सांगू नकोस, मी सांगतो. तिला वाटेल तिच्या भावाचं काहीतरी मोठं झालंय. मोठं काही नाही. यंत्र बसवायचंय, ते लावलं की तुझं बोलणं लागेल म्हणते ती डॉक्टर. तोवर लिहीत जा. मोठ्या अक्षरात नको, डोळे ठीक आहेत.

मंगळवारचं काय झालं ते कळव, तुझ्या बाजूने लागो वा विरुद्ध.

उद्या सकाळी धनेश लाल टू-सीटर घेऊन येतोय. ती हेरंब ऐकणार आहे. मी पावती फाडायला बसेन.

तुझा,
जयवंतमामा