वेलची अजून गॉललाच

१७ एप्रिल

एका बोटीच्या दोन बोटी झाल्या! नोंदणीच्या दाखल्यावर ‘वेलची’ हे नाव व्ही अक्षराने सुरू होते. थायलंडच्या बंदराने निघताना दिलेल्या परवान्यावर ते डब्ल्यूने सुरू होते. आता श्रीलंकेतल्या गॉलच्या बंदरातले अधिकारी चंदनाताईला विचारत आहेत — व्हीची बोट आली कुठून आणि डब्ल्यूची गेली कुठे?

ताई फोनवर म्हणाली, “आगं, व म्हंजे वच की. पण ह्यांच्याकडं व न्हाईच, त्याला मी काय करू?”

हसावे की रडावे, कळेना. बोट ताईची नाही. पाचगणीचे हॉटेलवाले यशराज यांनी ती जुनी शिडाची बोट थायलंडात विकत घेतली. ताईने ती कोचीला पोहोचवायची आहे. सोबतीला वाईची क्रांती. आजवर ताई दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, या फेरीत प्रथमच कॅप्टन! श्रीलंकेतला परवाना १३ मेपर्यंत आहे. तोवर सुटली नाही, तर बोट काठावर चढवून पावसाळाभर ठेवायची. पुढे ती दुसरा कोणी कॅप्टन नेणार. आणि ताई घरी.

ताई घरी — हे दोन शब्द लिहून मी थांबले. ते मला वाईट वाटले नाहीत. असे इथेच लिहिता येते.

कागदांचे काम माझ्याकडे आहे. “तुझं अक्षर बरं हाय आन् तुला कट्टाळा येत न्हाई,” एवढ्या पात्रतेवर तिने मला नेमले. आमच्या वडिलांना, अण्णांना, यातले काही ठाऊक नाही. साखरपुडा झाल्यावर ताईने लग्नाला नकार दिला, त्याला दीड वर्ष झाले. त्या दिवसापासून अण्णा तिच्याशी बोललेले नाहीत. ते आपल्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात असतात तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून बोटीची पत्रे लिहिते.

१९ एप्रिल

साताऱ्याला जाऊन आले. घरी सेट परीक्षेच्या अर्जाचे निमित्त सांगितले. आष्टा, इस्लामपूर, कराड, सातारा — एसटीत सगळा वेळ मनात एकच वाक्य घोकत होते: “मला बोटीच्या नावाबाबत प्रतिज्ञापत्र करून हवे आहे.” कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्या नोटरींसमोर गेल्यावर त्यातला एकही शब्द तोंडातून बाहेर पडला नाही. कागद पुढे केला.

“बोट?” त्यांनी चष्मा वर केला. “कोयनेतली का?”

“समुद्रातली.”

“मग साताऱ्यात कशाला आलाय?”

शेजारचे टंकलेखक, रांगेतले लोक, सगळे हसले. यशराज आले होते, सही करायला. तेही हसले. मीसुद्धा हसले असते, तर बरे झाले असते. मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. तालुक्यात पहिली आलेली मुलगी!

२० एप्रिल

प्रतिज्ञापत्र पाठवले. पाठवल्यावर दिसले — त्यात ‘सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे छापले आहे. बोटीची व्यक्ती केली!

२३ एप्रिल

व्यक्ती चालली. अधिकाऱ्यांनी शिक्का मारला. सकाळी ताई आणि क्रांती निघाल्या. मी सेटची टिपणे उघडून बसले आणि दर ओळीनंतर फोन पाहिला.

दुपारी फोन आला, तो गॉलमधूनच. बंदराच्या तोंडाशी इंजिन गचकले. मासेमाऱ्यांच्या एका होडीने दोर टाकून परत ओढून आणले. मी विचारले, शिडाची बोट आहे ना, मग शिडावर का नाही गेलात? ताई चिडली. बंदरातून शिडावर बाहेर पडू देत नाहीत. आणि मधल्या समुद्रात वारा पडला तर काय हातांनी वल्हवायचे? तिचे खरे होते.

डिझेल ओढणारा फीड पंप गेला आहे. पंप इंजिनाच्या मागच्या अंगाला, फोटो निघत नाही. ताई आरसा धरून त्यावरचा नंबर वाचत होती, मी लिहून घेत होते. तो गॉलच्या एजंटांना कळवायचा, ते सिंगापूरहून मागवणार. मी तो कोऱ्या कागदावर ठळक, वळणदार लिहिला आणि कागदाचा फोटो त्यांना पाठवला.

२४ एप्रिल

एजंटांचा फोन आला. मी उचलला नाही. इंग्रजी मला लिहिता येते, व्याकरण एका ठिकाणी चुकायचे नाही. पण समोरून आवाज आला की एक वाक्य जुळवता येत नाही. त्यांनी संदेश पाठवला — नंबर एकदा बोलून खात्री करू या का? मी उत्तर दिले: नंबर कागदावर आहे तोच आहे. एकदम रुबाबात!

२६ एप्रिल

क्रांतीला कावीळ झाली. तिचे वडील मुंबईला न्यायला जाणार, ती उद्या विमानाने परत. विमा कंपनीची अट अशी की बोटीवर कमीत कमी दोघे हवेत. यशराज म्हणतात, कोचीचा एक माणूस बघतो.

ताई एकटीच बोटीवर आहे. म्हणाली, मजेत आहे. मजेत असलेले माणूस तसे तीनदा सांगत नाही.

२९ एप्रिल

कशातच मन लागत नाही. एकच पान उघडे आहे. उठते, पाणी पिते, बसते. बाहेर उसाच्या ट्रॉलीचा आवाज आला तरी फोन वाजला असे वाटते.

आईला ठाऊक आहे. डाळ निवडताना मान वर न करता तिने विचारले, “ती जेवतीया का?” मी हो म्हटले. थोड्या वेळाने — “बोट कसली गं ती, सारखी मोडती? आपला जुना ट्रॅक्टर बी एवढा तरास देत न्हाई.” मग आणखी थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, “न्हाई झालं काम, तर येईल न्हवं घरी?”

म्हणजे आम्ही दोघीही तेच मोजत आहोत.

२ मे

पंप आला आणि बसला नाही. दुसऱ्याच इंजिनाचा निघाला. ताईने खोक्याचा फोटो पाठवला. त्यावर नंबर: 89302.

मी सांगितला होता ४१३०२.

मला कळायला वेळ लागला नाही. कागद काढून पाहिला. पहिलीपासून जसे काढत आले, तसेच अंक काढले होते. गोल गाठीचा चार. वर वाटोळा, खाली शेपटी असलेला एक. आपला चार त्यांच्या डोळ्यांना आठ दिसला, आपला एक नऊ दिसला. तीन, शून्य, दोन तर दोन्हीकडे सारखेच! नंबरात एखादा पाच किंवा सहा असता तर ते अडखळले असते, विचारले असते. नाही — त्यांनी विचारलेच होते. मी फोन उचलला नव्हता.

इंग्रजी मजकुरात मी अंकही इंग्रजीच लिहिते. घाईत, ताईचे शब्द कानांत असताना, हात आपल्या वळणावर गेला. अक्षराला आयुष्यभर बक्षिसे मिळाली त्याच हाताने ताईचे दिवस घालवले.

३ मे

एक प्रश्न डोक्यातून जात नाही. हात नुसताच चुकला का? की ती घरी यावी असे ज्या मनाला वाटत होते, त्याच मनाने फोन वाजू दिला?

उत्तर मला माहीत नाही. पण एक माहीत आहे: मी ताईला खरे सांगितले, तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, “जाऊ दे भागू. माझंबी नशीब बघ की, मला बहीणबी पयल्या नंबरची मिळाली.” आणि हसली. पुढे म्हणाली, आता सिंगापूरहून मागवून वेळेत यायचा नाही. तेरा तारखेला बोट वर चढवतील.

रागावली असती तर मला सोपे गेले असते.

४ मे

ताईने काढून ठेवलेल्या जुन्या पंपाचा फोटो पाठवला होता. तो पाहता पाहता मला वाटले, हे मी पाहिले आहे. कुठे तेही आठवले. अण्णांच्या दुकानात!

ताई एकदा सांगत होती, बोटींत पुष्कळदा ट्रॅक्टरचेच इंजिन असते, समुद्राचे पाणी सोसेल असा साज चढवलेले. तेव्हा मी लक्ष दिले नव्हते. दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात गेले आणि फोटो अण्णांसमोर धरला.

“व्हय, हाय की हा आपल्याकडं,” ते म्हणाले. “कुणाच्या ट्रॅक्टरचा?”

“ट्रॅक्टरचा नाही अण्णा. बोटीचा.”

ते स्टुलावर बसले. मी उभ्याउभ्या सगळे सांगितले — व आणि व, सातारा, पंप, क्रांतीची कावीळ, तेरा तारीख. मी एवढे सलग त्यांच्याशी कधी बोलले नसेन. शेवटी माझा तो कागद आणि खोक्याचा फोटो दोन्ही शेजारी ठेवले.

त्यांनी कागद हातात घेतला. “चार हाय की हे. सरळ चार.”

“त्यांना आठ वाटले.”

“आपला चार, त्यांचा आठ. एका पोरीच्या कामाला दुप्पट करून दिलं म्हणायचं त्यांनी.” ते हसत होते की नाही, समजेना. मग, कागदाकडेच बघत — “इंजिन बंद पडायच्या आदी आवाज कसा येत हुता? गुचक्या देत हुतं, का सरळ मेलं?”

मी म्हटले, ताईला विचारते. फोन लावला, स्पीकरवर ठेवला. अण्णा मला विचारत, मी ताईला विचारी, ताई मला सांगे, मी अण्णांना. तिघांना तिघांचेही ऐकू येत होते. “तिला म्हणावं, बोल्ट आवळताना जोर लावू नको, कान तुटतोय.” “त्यांना सांग, एवढं कळतंय मला.” “कळतंय तर मग टाकीतला गाळ काढलाय का विचार.” “काढते म्हणावं.”

गाळ काढला नव्हता!

५ मे

कुरिअरने पाठवला तर तिथल्या कस्टममध्ये किती दिवस पडून राहील, सांगता येत नाही. कोणीतरी हातात घेऊन जायला हवे. माझ्याकडे पासपोर्ट नाही. मी कुठे जाणार होते!

जेवताना अण्णा म्हणाले, “माझ्याकडं हाय.” द्राक्षबाग होती तेव्हा बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यात ते इस्रायलला गेले होते, तेव्हाचा. आई वाढता वाढता थांबली.

“पंप बसवतो,” अण्णा म्हणाले, “आन् तिला घिऊन येतो. बास झालं.”

आईने त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. त्यांनी नको म्हटले नाही.

मी श्रीलंकेच्या परवानगीचा अर्ज भरला, सगळे अंक इंग्रजीत, दोनदा तपासून. तिकिटे काढली. जाण्याचे एक, येण्याची दोन. दोन काढताना ताईला विचारले नाही. कोणीच विचारले नाही. पंप येतोय, एवढे कळवले. कोण आणतोय, तेही. ती फक्त “बरं” म्हणाली.

८ मे

अण्णा गेले. पंप दोन बनियनमध्ये गुंडाळून. सोबत आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. विमानतळावर विचारतील म्हणून पंपाची पावती, यशराजांचे पत्र, बोटीचे दोन्ही स्पेलिंगचे कागद असे पाकिटात क्रमाने लावून दिले. “एवढे कागद माझ्या लग्नाला बी नव्हते,” म्हणाले.

एसटी वळेपर्यंत उभी राहिले. मनात येत होते — हा माणूस तिथे जाऊन तिच्याशी काय बोलेल? बोलणे सांगायला मी तर तिथे नाही.

९ मे

काही कळले नाही. आईने देवासमोर दिवा लावून ठेवला आहे, विझू देत नाही.

१० मे

ताईचा संदेश: इंजिन सुरू झाले. एवढेच.

थोड्या वेळाने यशराजांचा — कोचीचा माणूस ऐनवेळी नाही म्हणाला. दुसरा मिळत नाही. एकटीला बंदर सोडता येणार नाही. चंदना मॅडमनी फार केले, पण आता बोट वर चढवू या, असे ते लिहितात.

संपले म्हणायचे. इंजिन धडधडीत चालू, आणि माणूस नाही म्हणून बोट काठावर! परतीची दोन्ही तिकिटे उद्याची आहेत. आईला सांगितले, तर ती डोळे पुसत उठली आणि ताईच्या कॉटवर नवी चादर घातली. मीही उशीचा अभ्रा बदलला. आनंद झाला होता, खोटे कशाला लिहू? पण अभ्रा चढवताना तिचे ते “बरं” सारखे ऐकू येत होते. ती बोट कशी चालवते, हे आम्ही कोणी पाहिलेही नाही.

११ मे

अण्णांचा फोन, मागे इंजिनाचा आवाज. परतीची दोन्ही तिकिटे रद्द कर म्हणाले. खलाशांची यादी नव्याने करून एजंटांना ताबडतोब पाठवायची: पहिले नाव चंदना, दुसरे आदगोंडा बाबगोंडा पाटील. मी घाबरून विचारले, अण्णा, तुमचा हुद्दा काय लिहू?

“मला काय इचारतीस? कॅप्टनला इचार.”

ताईला विचारले. उत्तर एका शब्दात आले — खलाशी.