पंधरा दिवसांची गोळी

जासई, ३ जून २०२४

चि. कुंदन यास, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतोस आणि मला नुसती हवा ऐकू येते, म्हणून लिहितो. तुझ्या मामीच्या पायांना दोन महिने मुंग्या येतात. पाय माजे नाय वाटत, म्हणते. परवा ओट्यावरून पडली. हाड शाबूत आहे. पनवेलच्या डॉ. जागृतीबाईंनी रक्त तपासलं, तर बी-बारा पार तळाला. मग त्यांनी ॲसिडिटीच्या गोळीची पट्टी हातात धरून विचारलं, ही किती वर्षं घेता. मी छाती फुगवून सांगितलं, अकरा. नेरुळचा डॉक्टर आमचा भाचाच आहे. बाईंनी विचारलं, भाच्याने ती किती दिवसांसाठी दिली होती.

तक्रार नाही. फक्त ती गोळी किती दिवसांसाठी होती, ते कळव. लोभ कमी करू नकोस.

तुझा मामा, सिताराम

नेरुळ, ९ जून

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

उत्तर लिहायला चार दिवस लागले, कारण ते तीनच शब्दांचं आहे. पंधरा दिवसांसाठी होती.

मामीच्या गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी दिली, तिने पोट बिघडू नये म्हणून ही. दुखण्याची त्या पंधरा दिवसांत बंद केली. ही बंद करायची राहिली. दर खेपेला 'मागचंच चालू' लिहीत गेलो.

खरं सांगू? मी ही सर्दीलाही देतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते द्यायचे, म्हणून. मागच्या रविवारी वाशीला आम्हा डॉक्टरांचं व्याख्यान होतं. आधी याच औषधावर दहा प्रश्न. मला चार गुण. शेजारच्याने माझं बघून लिहिलं, त्याला तीन. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, हेही मी वीस वर्षं उलटं सांगत आलोय.

फार वर्षं घेतली तर बी-बारा उतरू शकतं. जागृतीबाई सांगतील तशी मामीची गोळी हळूहळू कमी करा, बी-बाराची इंजेक्शनं चुकवू नका. मधे थोडे दिवस जळजळ उसळेल. मामीला सांगा, चूक माझी आहे. तरीही लोभ असावा.

आपला कुंदन

जासई, २४ जून

चि. कुंदन यास आशीर्वाद.

पत्र मामीला वाचून दाखवलं. चार गुणांवर ती इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, पोर खोटं नाय बोलला, बस झालं. जळजळीच्या आठवड्यात मात्र तुझा सात पिढ्यांसकट उद्धार झाला. आता मुंग्या कमी आहेत; पायाला लादी गार लागते म्हणाली.

तुझं पत्र वाचून मीही माझी तीच गोळी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. मामा तुझं ऐकतो की नाही, बघ! दोन दिवस शौचाला काळी होतेय, पण ती जांभळं खाल्ल्यामुळे. आहे तो लोभ वाढव.

मामा

हॉस्पिटलचा जिना, २७ जून

ती. मामांस नमस्कार.

तुमच्याशी बोलायला ओरडावं लागतं, आणि ओरडलो म्हणून सिस्टरने मला बाहेर काढलं. तेव्हा हे लिहून आत पाठवतो.

काल दुपारी पत्रात 'जांभळं' वाचलं आणि नऊ पेशंट बसलेले सोडून जासईला निघालो. तुम्ही पडवीत पांढरेफटक बसला होता. ती काळी शौच जांभळांची नव्हती, पोटातल्या जखमेतून रक्त जात होतं. ते आता थांबलंय. धोका टळला, असं इथले डॉक्टर म्हणतात.

मामा, तुमच्या हृदयात स्टेंट आहे. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या तुम्ही घेता, आणि त्यांच्यापासून पोट सांभाळायला ही तिसरी. मामीला नको होती, ती अकरा वर्षं दिली. तुम्हाला हवी होती, हे सांगितलंच नाही. स्वतःची फजिती इतकी रंगवून लिहिली की कामाची तेवढी एक ओळ राहून गेली. रागवा, पण लोभ सोडू नका.

कुंदन

याच कागदाच्या मागे

चि. कुंदन,

रडू नकोस. सिस्टर विचारते, जिन्यावर रडत बसलेला तो माणूस कोण. डॉक्टर आहे सांगितलं तर तिला पटत नाही. तुझ्या पत्रातलं मला आवडलं तेवढंच मी वाचलं, ती चूक माझी. तीसुद्धा स्वतःच्या नावावर घेऊ नकोस. मामी सकाळपासून उपाशी आहे, तिला काहीतरी खायला घाल.

पाच वाजता भेटायची वेळ आहे. ये, आणि खुशाल ओरड. शेजारच्या खाटेवर करावे गावचे नामाशेठ आहेत. हीच गोळी सात वर्षं घेतात, कशासाठी ते माहीत नाही. त्यांना तुला विचारायचंय, आणि त्यांनाही कमी ऐकू येतं.

लोभ आहेच.

मामा