सासूबाईचा पाय

३ नोव्हेंबर

आज प्रेरणानं पाह्यलंच! तीन महिने लुगड्याखाली लपवलं होतं. मोरीवर पाय धुवत होती मी, अन् सून मागं उभी. "आई, हे काय वो? वासावरून मले वाटलंच होतं." म्हटलं, खाजवलं, खरचटलं. तिनं मोबाईल काढून फोटोच घेतला. काय बाई आहे!

जखम डाव्या पायाले, घोट्याच्या वर, आतल्या बाजूनं. भोवती काळं. सासूबाईलेही तिथीच होतं. तीच जागा.

५ नोव्हेंबर

सासूबाई जाऊन सव्वीस वर्सं झाली. पण तिचं ताट डोळ्यापुढून हालत नाही. जर्मनचं, काठाले पोचा पडलेला. गोठ्याच्या दारात ठेवाची मी, अन् मागं सरकाची. ती म्हणे, "सूनबाई, आत आणून दे वो. हात नाही लावत तुले." नाही दिलं कधी. सारं गाव म्हणे, रुखमाबाईले महारोग. सात वर्सं गोठ्यात झोपली, तिथीच गेली.

तेच फेडून राह्यली मी.

६ नोव्हेंबर

माझं ताट मीच वेगळं केलं. प्रेरणानं उचलून परत मांडणीत ठेवलं.

११ नोव्हेंबर

यवतमाळले, मोठ्या दवाखान्यात गेलतो. डाक्टरीण पोरगीच आहे. पायाची सोनोग्राफी केली अन् म्हणते, "मावशी, नस बंद करावी लागेल." म्हटलं — बाई, माझी नसबंदी तर या रजतच्या पाठीवरच झाली! सारे हसले. रजत लाजून लाल!

मग तिनं कागदावर काढून सांगतलं. शिरेतल्या झडपा बिघडल्या. रक्त वर चढत नाही, खालीच साचते, म्हणून जखम भरत नाही. शिरेत तार घालून आतून भाजून बंद करतात. जखमेवर मांडीची पातळ कातडी लावतात.

रजत बोलला, "आमच्या आजीले असंच होतं मॅडम, पण तो महारोग होता."

"कोणी तपासलं होतं?"

रजतनं माझ्याकडे पाह्यलं. मी खाली, पट्टीकडे.

"तिच्या काळी होतं का हे आपरेशन?" मीच विचारलं. काहून विचारलं!

"तार नव्हती. पण चिरा देऊन शीर ओढून काढत. जुनं आहे ते, मावशी."



१२ नोव्हेंबर

आपरेशनचं भ्या नाही. बरं व्हाचं भ्या वाटते.

१८ नोव्हेंबर

नाही म्हणून सांगतलं. घरात भांडण! "काहून नाही, आई?" — माझे भोग आहेत. "कायचे भोग? शिरेचा रोग आहे!" अन् माझ्या ताटातली उष्टी भाकर उचलून खाल्ली प्रेरणानं, माझ्या डोळ्यादेखत. मले रडूच फुटलं. हो म्हटलं मग.

२६ नोव्हेंबर

झालं. सहीच्या वेळी सिस्टर विचारते, "वाचता येतं का, मावशी?" सातवी पास आहो म्हटलं!

कंबरेत सुई दिली. पाय माझा वाटेच ना. पडद्याच्या तिकडून कोणी बोललं — सूनबाई, आत आणून दे. मान वळवून पाह्यलं. कोणीच नव्हतं. नुसता ट्रे होता.

१५ डिसेंबर

पट्टी सोडली. कातडी लागली! गुलाबी, तान्ह्या लेकराच्या टाचेसारखी. प्रेरणा रडली. रजत म्हणे, "आजीच्या वेळी कोणाले समजलंच नाही ना, आई. सारे अडाणी."

हो म्हटलं.

१७ डिसेंबर

सारे अडाणी नव्हते. सासूबाईले तपासलं होतं, अन् दवाखान्यातून पोस्टकार्ड आलतं. माझ्या लग्नाले चार महिने झालते, घरात खोली एकच, तिच्यातच आम्ही दोघं अन् सासूबाई, अन् वाचणारी मी एकली. "महारोग नाही. शिरेचे ऑपरेशन करावे. सोमवारी घेऊन यावे."

सासूबाई पाय पुढं करून बसली होती. "काय लिहिलं वो, सूनबाई?"

मी वाचलं — महारोग.