आधीच ऐकलंय

३ जून, सोमवार

काल परत बोट वर झालं. माझ्याच गाण्याला. चष्म्याचं बोट. सलग दुसरा रविवार.

नियम इथे लिहूनच ठेवतो, उद्या कोणी फिरवायला नको. दर रविवारी चार वाजता, आमच्या लॉन्ड्रीला लागून असलेल्या झेरॉक्सकाकांच्या दुकानात, शटर अर्धं ओढून. माणसं चार, खुर्च्या चार: काका, नर्सताई, चष्मा लावतो म्हणून चष्मा, आणि मी. प्रत्येकाने एक गाणं आणायचं. पॉप आणा नाहीतर ते विचित्रवालं आणा, पण बाकीच्यांनी ऐकलेलं नको. संपलं की ज्याने ऐकलंय त्याने बोट वर करायचं. कुठे, कधी, विचारायचं नाही, सांगायचं नाही. विश्वासावर चालतं. एक जरी बोट वर झालं तरी गाणं बाद. सलग तीन बाद, खुर्ची गेली.

चष्म्याची मावसबहीण सहा महिने कागदाच्या खोक्यावर बसून माझ्या खुर्चीकडे बघतेय. हसून बघते, ते जास्त वाईट.

टेन्शन नाही. संकल्प: आजपासून रोज दहा नवी गाणी, शेवटपर्यंत.

४ जून, मंगळवार. दुपारी सव्वादोन

जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलाखाली आडवा होऊन पहिलं गाणं लावलं. अकराव्या सेकंदाला झोप लागली. मालकांनी पायाने उठवलं. सकाळपासून नव्वद चादरी झाल्यात म्हटलं. म्हणाले, मग शंभर कर, आकडा लक्षात राहील.

एका अर्थी बरंच. कान तयार असला की अकरा सेकंद पुरतात.

५ जून, बुधवार

संकल्प दहाचा होता, आठ झाले. म्हणजे आठ सेकंद. हॉस्पिटलचे पडदे आले होते.

६ जून, गुरुवार

नर्सताई युनिफॉर्म घेऊन आली. दर गुरुवारी येते, तीन नंबरच्या मशीनसमोर बाकावर डोळे मिटून बसते. दमलेली असते बिचारी. जाताना म्हणाली, तुझा चेहरा इस्त्री राहिल्यासारखा दिसतोय, गाणं मिळालं का? म्हटलं, इतकी मिळालीत की चॉइस होत नाही.

एक मिळालेलं नाही.

आता बोटाचं. मी स्वतः करतो का वर? करतो. जरा सढळ हाताने करतो. वर्षभरात काकांची तीन गाणी मीच उडवली. ऐकली होती का? अकरा सेकंदांत गाणं कळतं, आणि कळलं म्हणजे ऐकल्यातच जमा. शिवाय काकांचं तोंड पडलेलं बघायला मजा येते. एकदा जरा जास्तच पडलं. उठून मशीनमध्ये कागद भरत बसले, आधीच भरलेले असताना.

७ जून, शुक्रवार

आयडिया. अशी की स्वतःचीच पाठ थोपटली, नंतर दुखली म्हणून सोडली.

तीन नंबरचं मशीन महिनाभर खडखडतंय. मेकॅनिक उद्या येणार. आज चष्म्याचा कोट आला होता, पितळी बटणांचा. तोच टाकला. ड्रम फिरायला लागला, खालून घूंघूं, मधे बटणाची टकटक, शेवटी पाणी सोडतानाचा तो लांब उसासा. फोन झाकणाला चिकटवून साडेतीन मिनिटं रेकॉर्ड केलं. चष्मा समोर बाकावरच होता, पण इअरफोन घालून. त्याला काय पत्ता.

बँडचं नाव: ड्रम नंबर थ्री. बर्फाळ देशातले चौघं, एकमेकांशी बोलत नाहीत, एकदाच वाजवलं आणि मोडले.

जगात कोणीच ऐकलेलं नाही असं गाणं. बोट वर होणार कसं? खुर्ची वाचली की मग सांगायचं, की तुम्ही डोळे मिटून कोट धुणं ऐकलंत. आणि पोट धरून हसायचं. हसायला पाच मिनिटं धरलीत.

८ जून, शनिवार

मेकॅनिक येऊन गेला. मशीन गप्प. इतका शांतपणा की मालकांना माझी जांभई आतल्या खोलीत ऐकू गेली.

९ जून, रविवार. संध्याकाळी सात

वाजवलं. काकांनी डोळे मिटले. नर्सताई मान हलवत होती. मी हसू दाबायला गाल आतून चावत होतो.

संपलं. चष्म्याचं बोट वर.

वर म्हणतो कसा, याचं आधीचं जास्त चांगलं होतं, यात ती टकटक नको होती.

खोटारडा. पण बोलू काय? त्याला खोटं पाडायचं तर मशीन आहे हे कबूल करावं लागणार, आणि मशीन आहे म्हटलं की गाणं गेलं. मी विचार करतोय तोवर नर्सताईचं बोट वर. मग काकांचं. कोणीही न हसता.

जगात नसलेला बँड तिघांनी ऐकलाय. अशा लोकांत मी वर्ष काढलं. उठलो, खुर्ची मावसबहिणीकडे सरकवली आणि नैतिक विजय घेऊन बाहेर पडलो. थँक्यू म्हणाली, तेही हसून.

संकल्प: तिकडे परत पाऊल टाकायचं नाही. घरी आईने विचारलं, आज लवकर? म्हटलं, जिंकलो. म्हणाली, मग तोंड असं का?

१३ जून, गुरुवार

नर्सताई आली, बाकावर बसली, डोळे मिटले, उघडले. म्हणाली, हे गप्प का? म्हटलं, दुरुस्त झालं. म्हणाली, अरेरे, आठवडाभर वॉर्डातल्या घंट्या ऐकून इथे येऊन तेवढंच ऐकायचे मी.

म्हणजे तिने ऐकलं होतं.

मी म्हटलं, काकांनी कुठे ऐकलं? तिने भिंतीवर टकटक केली. पलीकडून काकांनी टकटक केली. आणि चष्मा? त्याच्या इअरफोनची एक बाजू वर्षभर बंद आहे म्हणे. स्वतःचा कोट होता, बटण ओळखणार नाही होय?

तिघंही नियमाने वागले. मग तू तेव्हाच का नाही बोललीस, म्हटलं. म्हणाली, कुठे ऐकलं ते सांगायचं नाही, असा नियम आहे ना.

युनिफॉर्म उचलता उचलता म्हणाली, तू काकांचं ते टेपवरचं गाणं उडवलंस ना, ते काकांनी स्वतः म्हटलेलं होतं, पंचविशीत. एकच टेप आहे. घरातसुद्धा कोणाला ऐकवली नव्हती. त्या दिवशी तू गेल्यावर मी म्हटलं होतं, त्याला सांगू या का, तर काकाच म्हणाले, राहू दे, पोरगा दमून येतो, बसू दे त्याला.

आज एकोणऐंशी चादरी. मोजण्यात चूक असेल. दोनदा मोजल्या.

१६ जून, रविवार

गेलो. पाऊल टाकायचं नाही असं ठरलं होतं, पण ते दुकानात; उंबऱ्याबद्दल काही ठरलं नव्हतं. उंबऱ्यातून काकांना म्हटलं, ते टेपवालं परत लावता का, तेव्हा मी ऐकलं नव्हतं. काका म्हणाले, माहितेय. खोक्याकडे बोट दाखवलं.

खोक्यावर बसलो. नीट ऐकावं म्हणून डोळे मिटले. उघडले तर सगळे चहा पीत होते. काकांनी विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, शेवट तर काय मस्त जमलाय. कोणी हसलं नाही. चष्मा म्हणाला, टेप अजून रिवाइंड होतेय.

मग उभं राहून ऐकायचं ठरवलं. उभ्याने झोप लागत नाही, असा माझा अंदाज होता.

जाग आली तेव्हा माझ्या जुन्या खुर्चीत होतो. मावसबहीण खोक्यावर. टेप संपलेली. काका मशीनमध्ये कागद भरत होते. पाठमोरेच म्हणाले, किती ऐकलंस?

म्हटलं, अकरा सेकंद.

काका म्हणाले, त्यात तर मी अजून घसाच साफ करतोय.

म्हटलं, तो मात्र नीट ऐकला.